एका चुलीचं व्रत

"माय, दिवा लाव नं," वेणू म्हणाली, आणि जयवंताच्या हातावरची भाकर तव्याऐवजी काठवटीत पडली. दिवा लावलेला होता. काच राखेनं पुसून, वात कातरून, कंदील रोजच्या खुंटीला टांगून, त्याला हात जोडूनसुद्धा झाले होते. त्याचा पिवळा उजेड भिंतीवरून उतरून वेणूच्या ताटापर्यंत आला होता, तिच्या परकराच्या काठापर्यंत आला होता, कपाळावरच्या कुंकवापर्यंत आला होता. डोळ्यांत तेवढा शिरला नव्हता. "लावलाच हाय," जयवंता म्हणाली, आणि आपला आवाज इतका सरळ कसा निघाला याचं तिचं तिलाच नवल वाटलं. "कुठी?" वेणूनं विचारलं. त्यात थट्टा नव्हती, लाड नव्हता. एखादी वस्तू सापडत नाही म्हणून विचारावं, तसं ते विचारणं होतं. मग तिनं हात पुढे केला, ताटाच्या काठाला धरून धरून आत नेला, आणि बोटं वरणाच्या वाटीत बुडाली तेव्हा आपल्याशीच हसली. शेजारी लक्ष्मणराव जेवत होता. मान वर न करता तो म्हणाला, "पाहून जेवावं, बेटा." आणि पोरगी पाहून जेवू लागली, म्हणजे मान खाली घालून, डोळे ताटावर लावून, हात मात्र चाचपडतच.

जयवंता उठली आणि कंदिलाची वात वर केली. ज्योत लांब झाली, काचेच्या तोंडाशी काजळी धरली. "घासलेट जळून राह्यलं उगाच," लक्ष्मणराव म्हणाला, तशी तिनं वात पुन्हा खाली केली. वात वर होती तेव्हाही वेणूनं मान वळवली नव्हती आणि खाली झाली तेव्हाही नाही. तव्यावरची भाकर करपल्याचा वास आला. ती उलटताना जयवंताचं मन मागे मागे धावायला लागलं, आणि जिथे जिथे गेलं तिथे तिथे त्याला ठेच लागली. गणपती उठले त्या सुमारास वेणू उंबऱ्यात पडली होती आणि दुधाची नव्हे, नुसत्या पाण्याची कळशी सांडली होती, तेव्हा तिनं पोरीच्या पाठीत एक दिली होती, "डोळे काय कपायात गेले का तुहे?" म्हणाली होती. नवरात्रात भुलाबाईची गाणी म्हणायला साऱ्या चाळीतल्या पोरी दिवेलागणीला बाहेर पडत आणि वेणू भिंतीला टेकून घरातच बसे. तेव्हा तिनं चारचौघींत सांगितलं होतं, माही वेणू मोठी समजदार, अंधार पडला का घराबाहेर पाय टाकत नाई. ते शहाणपण नव्हतं तर. पोरीचा एक एक गुण, जो तिनं कौतुकानं जपून ठेवला होता, तो आता उलटा होऊन तिच्यापुढे पडत होता.

माहेरी हिंगणीला तानबा नावाचा एक म्हातारा होता. दिवसा तो माणसासारखा माणूस, वखर धरायचा, बैलांशी बोलायचा. पण दिवस बोरीच्या रानामागे गेला की त्याचं सगळं जग जायचं. त्यानं घराच्या दारापासून गोठ्यापर्यंत दोर बांधला होता आणि तो दोर धरून तो सांजेला बैलांना कडबा घालायला जायचा. रातांधळा तानबा. लहानपणी जयवंता आणि तिच्या मैत्रिणी तो दोर मधेच धरून हलवायच्या, आणि तानबा जागच्या जागी उभा राहून हवेशीच म्हणायचा, "कोन हाय रे बाप्पा?" त्याच्या त्या उभ्या राहण्याला त्या पोटभर हसायच्या. आता तो तानबा तिच्या डोळ्यांपुढे उभा राहिला आणि हलेनाच. वेणू जेवून उठली. मोरीपर्यंत जाताना तिनं भिंतीला हात लावला, मग कणग्याला, मग दाराच्या चौकटीला. किती सराईत झाला होता तिचा हात. किती दिवसांपासून.

जयवंताचा संध्याकाळचा स्वयंपाक सकाळीच, अंगावर पाणी घेताना ठरत असे. चाळीतल्या बायका म्हणत, जयवंताच्या घरी हिशेब चुलीत जळतो आणि भाकर वर निघते. गिरणीत एक पाळी कमी झाल्यापासून लक्ष्मणरावच्या कामाचे दिवस कधी भरत, कधी भरत नसत. पण तिच्या घरचं ताट कधी रिकामं दिसलं नाही. सकाळचं वरण घट्ट असेल तर संध्याकाळी त्यात चिंच, गूळ आणि पाणी पडून त्याचं फोडणीचं वरण व्हायचं. उन्हाळ्यात घातलेल्या मुंगवड्या तळून नव्हे तर भाजून रश्शात पडायच्या, म्हणजे तेल वाचे. एक दिवस बेसनाचं चून, एक दिवस दोडकं, एक दिवस ढेमसं, आणि ज्या दिवशी काहीच नसेल त्या दिवशी जवसाची चटणी आणि भाकर. त्या दिवशी ती भाकर अधिक पातळ, अधिक फुगलेली भाजायची आणि लक्ष्मणरावच्या ताटात वाफेसकट टाकायची, म्हणजे भाजी नाही याची आठवण त्याला दोन घास उशिरा व्हायची. यात तिला एक अभिमान होता. देवापुढे बसल्यावर अभिमान सोडावा म्हणतात. ती तो देवापुढेच घेऊन बसायची आणि म्हणायची, बाबा, तुझ्या कृपेनं भागतं.

आणि कृपा होतीच, असं तिला वाटायचं. कारण वर्षाचे चार महिने भागवण्याचं अर्धं काम देवच करायचा. वेणू वर्षाची होती तेव्हा तिला गोवर आला, अंग काळंनिळं पडलं, डोळे चिकटले, आणि जयवंतानं तिला मांडीवर घेऊन राममंदिराच्या पायरीवर बोलून टाकलं होतं की ही वाचली तर पाच चातुर्मास धरीन. श्रावणात पालेभाजी सोडायची, भाद्रपदात दही, आश्विनात दूध, कार्तिकात डाळी; आणि पाचव्या वर्षी कार्तिकातल्या द्वादशीला जोडपी जेवू घालून उद्यापन करायचं. मंदिरात कहाणी वाचणाऱ्या जिजाबाईंनी तिला हे व्रत सांगितलं होतं. पोर वाचली. व्रत सुरू झालं. घरात चूल एकच. जे तिनं सोडलं ते चुलीनं सोडलं, आणि जे चुलीनं सोडलं ते घरानं सोडलं. दोन भाज्या वेगळ्या कोण शिजवणार, सरपण कुठून आणणार? पहिल्या वर्षी लक्ष्मणरावनं थोडी कुरकुर केली. मग श्रावण संपता संपता त्याच्याही लक्षात आलं की या महिन्यात वाण्याकडे तोंड लपवावं लागलं नाही. "तुह्या देवानं माह्या पगारात भागवून दाखवलं वो," तो म्हणाला होता, आणि दोघंही हसली होती. ते हसणं आता तिला ऐकू आलं, आणि त्यात कोण जास्त हसलं होतं ते काही केल्या आठवेना.

पण सोडलेली वस्तू त्या महिन्यापुरती नाही, शेवटपर्यंत सोडायची, हे कधी ठरलं? हा प्रश्न तिला रात्री नाही, सकाळी देवपूजेत पडला, चंदन उगाळताना. आषाढी एकादशीची सकाळ तिला लख्ख आठवत होती: हातात पाणी, पाण्यात तुळशीचं पान, बोटांवरून ताम्हनात पडणारी धार, आणि तोंडानं म्हटलेला संकल्प. त्यात श्रावणाची पालेभाजी श्रावणापुरतीच होती. मग पोळा आला, भाद्रपद लागला, दही बंद झालं, आणि पालेभाजी परत यायला हवी होती ती आलीच नाही. त्याचा संकल्प कधी सोडला? चंदनाचं खोड तिच्या हातात थांबलं. पाण्याची धार आठवेना. आठवला तो बाजार. बुधवारचा का कोणता तरी, चिखलाचा. एका बाईच्या पाटीत चवळाईच्या हिरव्यागार जुड्या, आणि त्या बाईनं सांगितलेला भाव. जयवंतानं जुडी उचलली होती, मग ठेवली होती. पुढे चालू लागताना तिच्या मनात आलं होतं की धरलेलं सोडायचं कशाला, चारही महिने धरलं तर पुण्य वाढेलच. आणि त्या विचारासरशी तिचं अंग असं हलकं झालं होतं की वेणा नदीचं पात्र पोहून आल्यासारखं वाटलं. देवच बोलला, असं तिनं मानलं. घरी येऊन सगळ्यांना सांगितलं, यंदा शेवटलं वर्ष हाय, जे सोडलं ते शेवटपर्यंत सोडायचं. आता चंदन उगाळता उगाळता तिला वाटलं, देव त्या चिखलात, त्या पाटीपाशी, भाव विचारायला कशाला आला असेल? तिनं घाईनं गंध लावलं. रामाच्या कपाळावरचं गंध वाकडं झालं. ते पुसून पुन्हा लावलं, तरी वाकडंच.

दवाखान्यात रांग होती. डॉक्टरीणबाई नागपूरच्या, अंगानं बारीक, बोलण्यात घाई. त्यांनी वेणूच्या पापण्या वर करून पाहिल्या, बोटानं डावीउजवीकडे दाखवलं, डोळ्याच्या पांढऱ्यात साबणाच्या फेसासारखा एक ठिपका होता तो जयवंताला दाखवला. तो ठिपका तिनं रोज पाहिला होता. तिला वाटलं होतं काजळाचं काही असेल. "संध्याकाळी जेवायला काय देता हिला?" बाईंनी विचारलं. जयवंताला हा प्रश्न आवडला. या प्रश्नाचं उत्तर तिच्याजवळ होतं, चाळीत तिच्याइतकं कोणाजवळ नव्हतं. ती सांगू लागली, भाकर, वरण, मुंगवड्या, दोडकं, कधी चून, अन्न कधी वाया जात नाही, शिळं कधी देत नाही. बाई लिहीत होत्या. "पालेभाजी?" "चातुर्मास हाय, बाई." "दूध?" "आश्विन हाय." "दही?" जयवंतानं वेणूचा परकर गुडघ्यावरून सारखा केला. खोलीत औषधाचा वास होता आणि बाहेर कोणाचं तरी मूल रडत होतं. बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "हे डोळ्यांचं दुखणं नाही, बाई. हे पोटाचं दुखणं आहे, डोळ्यांत दिसतंय." मग एक लहान बाटली दिली. माशाचं तेल. आणि म्हणाल्या, "वेळेवर आणलंत, दृष्टी येईल. पण बाटली संपेल. पुढचं तुमच्या चुलीवर आहे. हयगय केली तर जे आज संध्याकाळी दिसत नाही ते उद्या दिवसाही दिसणार नाही."

माशाचं तेल तिनं घरी येऊन लगेच पाजलं. गळ्यात तुळशीची माळ, घरात कधी अंड्याचं टरफल आलं नव्हतं, आणि तरी त्या तेलानं चमचा तिनं काठोकाठ भरला. औषधाला व्रत नसतं. औषध वरून येतं, डॉक्टरांकडून. ते देण्यात आपलं काही कबूल करावं लागत नाही. पण त्याच दिवशी संध्याकाळी ती पुन्हा वरणच शिजवून बसली. बाजार आडवा गेला होता, जुड्या दिसल्या होत्या, आणि तिचे पाय थांबले नव्हते. भाजी आणणं म्हणजे, ही भाजी कालही आणता आली असती, असं साऱ्या घराला ओरडून सांगण्यासारखं होतं. वरणाची डाळ धुताना तिचा हात सवयीनं मडक्याकडे गेला. रोज डाळीतली एक मूठ त्या मडक्यात पडत असे, उद्यापनासाठी. वरण तेवढं पातळ व्हायचं. कोणाला कळायचं नाही. मूठ मडक्याच्या तोंडाशी थांबली. जोडप्यांच्या पानावर वाढायचं पुरण या मडक्यातून होणार होतं. ज्या लेकराच्या जिवासाठी ते वाढायचं होतं त्याच्या वाटीतून ते रोज उचललं जात होतं. हे तिला दिसत नव्हतं असं नाही. ते नेहमीच तिथे होतं, खुंटीवरच्या कंदिलासारखं. तिनं मूठ पुन्हा पातेल्यात टाकली, आणि थोड्या वेळानं पाहिलं तर तिच्याच हातानं पातेल्यातून अर्धी मूठ काढून मडक्यात टाकली होती.

लक्ष्मणरावला तिनं इतकंच सांगितलं की डोळ्यांचं औषध दिलं हाय, दूध, पालेभाजी द्या म्हणते. तो तंबाखू मळत होता. "देऊ नं," तो म्हणाला. "उद्यापन होऊन जाऊ दे. मंग दूधगिध जे म्हणशील ते. म्या सदाशिवरावले सांगून ठेवलं हाय, जोडीनं या म्हणून. खात्यातले लोकं म्हणतात, लक्ष्मणराव, काम अर्धं आन् घरी उद्यापन? म्या म्हटलं, बायको हाय माही." हे तो तिच्याकडे पाहून, खरोखरच्या मायेनं म्हणाला. सदाशिवराव म्हणजे त्याच्या खात्याचा जॉबर. कोणाला कामावर घ्यायचं, कोणाला परत पाठवायचं ते त्याच्या हातात. त्याच्या बायकोच्या ओटीत खण घालायचा, तिला पाटावर बसवायचं, हे उद्यापन आता देवाच्या दारातून निघून गिरणीच्या फाटकापर्यंत गेलं होतं. जयवंता पाण्याचं निमित्त करून बाहेर पडली.

रस्त्यावरच्या नळावर दोन रांगा असत. कोणी लावलेल्या नव्हत्या आणि कोणी मोडलेल्याही नव्हत्या. पलीकडच्या रांगेत कमलाबाई होती, रेल्वेफाटकापलीकडच्या वस्तीतली, जिनिंगमध्ये कापूस वेचायच्या कामावर जाणारी. दसऱ्याला ती सारी वस्तीच नागपूरला दीक्षा घ्यायला गेली होती. गाड्या माणसांनी फुलून गेल्या होत्या, परत आल्या त्या पांढऱ्या लुगड्यांनी. कमलाबाईच्या अंगावर ते पांढरं लुगडं आताही होतं, धुऊन धुऊन कडक झालेलं. पूर्वी दोघींचे सोमवार एकत्र असत, म्हणजे दोन रांगांतून एकमेकींना विचारण्याइतके एकत्र. "तुमचे सोमवार सुटले म्हणे," जयवंतानं विचारलं. विचारायचं नव्हतं, निघून गेलं. "सारे सुटले. सोमवार, चतुर्थी, सारे," कमलाबाई म्हणाली. "जड नाई गेलं?" कमलाबाईनं घागर नळाखाली सरकवली आणि पाण्याच्या आवाजावर आवाज चढवून बोलली, "जड काय जाते वो? उपाशी त आम्ही पयलेपासूनच होतो. त्याले उपास म्हणत होतो, एवढंच. आता भूक लागली त भूक लागली म्हणतो." आणि ती हसली. तिच्या रांगेतल्या दोघी हसल्या. जयवंताच्या रांगेतली एकही हसली नाही. जयवंताला राग यायला हवा होता. देवाधर्माची ही चेष्टा, असं म्हणायला हवं होतं. पण तिच्या मनात भलतीच गोष्ट येऊन बसली आणि उठेना. भाद्रपदातल्या त्या दुपारी, पाटीपाशी, आपलं अंग हलकं झालं होतं, त्याला नाव काय होतं? आपण त्याला पुण्य म्हटलं. दुसरं नाव शोधलंच नाही.

शेवटी ती जिजाबाईंकडे गेली. जाताना तिच्या मनात एक चोरटी आशा होती, आणि ती आशा मोठी विचित्र होती. तिला वाटत होतं, जिजाबाईंनी कडक बोलावं. व्रत मोडलं तर असं होईल, तसं होईल, म्हणावं. मग आपण म्हणू, होऊ दे, माझ्यावर होऊ दे, पण मी पोरीला खायला घालीन. आणि मग ते खायला घालणं केवढं मोठं होईल. जिजाबाई ओसरीवर कापसाच्या वाती वळत बसल्या होत्या. दात गेलेले, हात मात्र अजून तरणे. जयवंतानं सारं सांगितलं, डोळ्यांचं, डॉक्टरीणबाईंचं, चार वस्तूंचं. जिजाबाईंची वात मधेच राहिली. "पोरीले काऊन धरायले लावलं वो?" त्यांनी विचारलं. "लेकरू, आजारी, पोटुशी, म्हातारं, यायले व्रत नसते. हे का मले आता सांगा लागते? म्या स्वतः दूध पेते, पाय." "एकच चूल हाय, माय," जयवंता पुटपुटली. "दोन भाज्या कुठून…" "मंग ते तुह्या चुलीचं व्रत होय, बाई. देवाचं नव्हे. मले काऊन पुसतं?" हे त्या रागानं नाही, जरा कंटाळून म्हणाल्या, जसं कोणी बाजारभाव विचारावा आणि तो आपला विषय नसावा. "आन् उद्यापनाची जोडपी?" जयवंतानं विचारलं. "एक सवाशीण जेवली तरी होते. तेही नाई जमलं त गाईले घास देजो. देव काय पंगत मोजून राह्यला?" आणि त्यांनी पुढची वात वळायला घेतली.

बाहेर ऊन होतं. एकाही दाराला कडी लावलेली नव्हती. ती मात्र इतके दिवस कडी धरून उभी होती. देवानं काही मागितलं नव्हतं. जिजाबाईंनी सांगितलं नव्हतं. लक्ष्मणरावनं फक्त नको म्हटलं नव्हतं. ज्याच्यावर हे टाकता यावं असं रस्त्याच्या कडेला कोणी उभं नव्हतं, आणि चालता चालता तिला आपल्याच सावलीचा राग आला, कारण ती बरोबर चालत होती. भाजीबाजारात ती थांबली. आंबाडीची जुडी होती, लाल देठांची, पानं जरा जून झालेली. भाव तिनं विचारला नाही. विचारला असता तर पाय पुन्हा हलके झाले असते, याची तिला भीती वाटली. गवळ्याच्या ओट्यावर जाऊन वेणूपुरतं दूध लावलं, उद्याच्या सकाळपासून.

लक्ष्मणराव दुसऱ्या पाळीला निघाला होता, डबा हातात. तिनं जुडी खाली ठेवली आणि उंबऱ्यातच त्याला सांगितलं, "उद्यापन साधंच करू. एक सवाशीण बोलावीन, मंदिरातल्या पुजाऱ्याची. मडक्यातली डाळ म्या आजच काढून राह्यली." त्यानं जुडीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "डोकं फिरलं का? सदाशिवरावले काय सांगू?" "सांगा, आमच्या घरी लेकरू जेवून राह्यलं." "तुले काय जाते बोलाले. थो उद्या फाटकातून वापस लावंन मले." "लावंन तं लावंन," जयवंता म्हणाली, पण आवाज बारीक झाला. कारण ते खरं होतं; तो लावूही शकत होता. "पोरीले खरंच नाई दिसत?" लक्ष्मणरावनं विचारलं, जणू आतापर्यंत ही गोष्ट शेजारच्या घरची होती. "कंदिलाखाली बसून दिवा लाव म्हणते," ती म्हणाली. त्यानं डबा या हातातून त्या हातात घेतला आणि गेला. नाही म्हणून गेला नाही, हो म्हणूनही नाही.

दिवस असतानाच तिनं चूल पेटवली, म्हणजे वेणूला ताट दिसेल. आंबाडी निवडली, उकळून पिळली, तिच्यात ज्वारीच्या कण्या आणि मडक्यातली डाळ घातली. शिजताना तो आंबटगोड, ओल्या मातीसारखा वास घरभर झाला आणि भिंतीतून शेजारी गेला असेल, असं तिला वाटलं. जाऊ दे. वरून जवसाचं तेल सोडलं, हात आखडता न घेता. आखडता घ्यायचा नाही असं मनाला बजावावं लागलं. स्वतःसाठी तिनं एका कोपऱ्यात भाकर आणि मिरचीचा ठेचा काढून ठेवला. आपलं आपण द्वादशीपर्यंत पाळायचं, हे तिनं येतानाच ठरवलं होतं. पोरीचं पोरीला, आपलं देवाला. यात काही तरी नीट बसत होतं. इतकं नीट की त्याच्याकडे फार वेळ पाहवत नव्हतं.

वेणूनं ताटात पाहिलं आणि हात मागे घेतला. "हे पालेभाजी हाय."

"हो. आंबाडी. आंबट लागते, खाय."

"मी नाई खात. म्या पण धरलं हाय."

"तू कधी धरलं?"

"धरलं. मनात," वेणू म्हणाली. "तू म्हणे नं, जे लेकरू मागत नाई ते देवाले आवडते. म्या मागतच नाई काही. दूध पण नाई मागत."

जयवंताच्या हातातला घास तसाच राहिला. बाहेर ऊन कौलांवर चढलं होतं. "देवानं सोडलं म्हणून सांगतलं," ती म्हणाली. "तुले सांगतलं?" "जिजाबाईनं सांगतलं." "जिजाबाई देव हाय का?" पोरीनं विचारलं, आणि तोंड घट्ट मिटून बसली. किती ओळखीचं होतं ते मिटणं. जयवंतानं गोंजारलं, रागे भरली, गोवराची गोष्ट सांगितली, डॉक्टरीणबाईंची भीती घातली. वेणू मान हलवीत राहिली. बोलण्याबोलण्यात उजेड कौलांवरून उतरला, अंगणातून गेला, आणि पोरीची नजर हळूहळू सैल झाली. आईकडे पाहता पाहता ती आईच्या कानाजवळच्या हवेकडे पाहू लागली. जयवंतानं ते होताना पाहिलं. याआधी रोज होत असेल; तेव्हा ती भाकरी भाजत असायची. कंदील लावायला ती उठली नाही. तो कोणासाठी लावायचा ते तिला कळेना. अंधारात आपलं तोंड पोरीला दिसत नाही, हे तिच्या लक्षात आलं, आणि जे उजेडात जिभेवर येत नव्हतं ते आलं.

"ते देवाचं नव्हतं, वेणू. माहं होतं. पैसे पुरत नव्हते आन् म्या देवाचं नाव घेतलं. देवानं तुले काही सोड म्हटलं नाई."

वेणू ऐकत होती. डोळे नसल्यासारखी, सगळ्या अंगानं. मग म्हणाली, "मंग तू खाय आधी."

"माहं येगळं हाय, बेटा. माहं द्वादशीपर्यंत…"

"तुहं पण देवाचं नाई नं? मंग खाय. मले आवाज येईन तशी खाय."

कोपऱ्यात ठेचा होता, भाकर होती. नीट बसलेलं सगळं तिथे होतं. पाचव्या चातुर्मासाचे थोडेच दिवस उरले होते आणि कोणी पाहत नव्हतं. पोरगी तर नाहीच. आपण नुसतं तोंड हलवलं असतं तरी चाललं असतं. हा विचार आला आणि जयवंताला स्वतःची इतकी भीती वाटली की तिनं भाकरीचा तुकडा मोडून तो भाजीत खोल बुडवला आणि तोंडात घातला. आंबट लागली. जबड्याच्या मुळाशी कळ गेली, डोळ्यांत पाणी आलं, तेलाची कडवट चव घशाखाली उतरली, आणि कित्येक महिने कुठे तरी गप्प बसलेलं काही तरी तिच्या पोटात उठून उभं राहिलं. तिला वाटलं होतं पश्चात्ताप होईल. झाली ती भूक. साधी, उघडी, निर्लज्ज भूक. श्रावणापासूनची, कदाचित त्याच्या आधीचीही. ती चावत होती आणि तिला स्वतःच्या चावण्याचा आवाज येत होता. वेणूनं मान कलती करून तो ऐकला, आणि अंधारात तोंड उघडलं. जयवंतानं तिला भरवलं. मग पुन्हा तुकडा मोडला, भाजीत बुडवला, आणि हा दुसरा घास कोणी खाय म्हणायच्या आधीच तिच्या तोंडात गेला होता.